वजन विचारणारे काका

पहिल्याच भेटीत त्यांनी मला माझं वजन विचारलं.

मी नववीत होते. आमच्या दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यात, पाठीला दप्तर, हातात दुधाच्या पिशव्या अशा अवतारात मी वर चढत होते आणि वरून एक टक्कल पडलेले, हाफ पँटमधले गृहस्थ सायकलचं चाक गळ्यात अडकवून खाली येत होते. मला पाहून थांबले. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "वजन किती गं तुझं?" मी घाबरून खरं खरं सांगून टाकलं. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, "दप्तरासकट की दप्तराशिवाय?"

घरात शिरल्याशिरल्या मी जाहीर केलं की वरच्या मजल्यावर कुणीतरी वेडा राहायला आलाय. बाबा पेपरमधून मान न काढता म्हणाले, "वेडा नाही. माझ्याच सेक्शनला बदलून आलाय. नोटिंग फार सुरेख करतो." बाबांच्या लेखी ज्याचं फाइलवरचं नोटिंग चांगलं तो माणूस शहाणा. मग तो गळ्यात चाक घालून फिरेना का.

असे हे काका. बाबा त्यांना अरे-तुरे करायचे, मी अहो-जाहो, आणि तळमजल्यावरचे शर्माजी 'साइकिल साहब'.

वजन विचारण्यामागे त्यांचं शास्त्र होतं. डोंगरात चालवायच्या सायकलला पुढे-मागे सस्पेंशन असतं आणि ते बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावावं लागतं. माणूस नुसता बसला की सायकल ठरावीक दबली पाहिजे. कमी दबली तर पहिल्या दगडावर माणसाला भिरकावून देते आणि जास्त दबली तर चिखलातल्या म्हशीसारखी बसून राहते. त्यामुळे काकांना कुणीही भेटलं की आधी तो किती दबेल तेच दिसायचं. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला काकूंना सोडायला गेले आणि दारातच सेक्रेटरीबाईंना वजन विचारून बसले. वर पुन्हा "अहो, सहज विचारलं" असा खुलासा! काकूंनी घरी आल्यावर त्यांची जी हजेरी घेतली ती आम्हाला खालच्या मजल्यावर शब्दन् शब्द ऐकू आली.

लोक वजन खोटं सांगतात यावर त्यांचा ठाम विश्वास होता. "बायका कमी सांगतात, पुरुष जास्त सांगतात, आणि आमच्या ऑफिसातली माणसं म्हणतात, वर विचारून सांगतो." म्हणून बाईनं सांगितलेल्या वजनात ते मनातल्या मनात थोडं मिळवायचे आणि पुरुषाच्या वजनातून थोडं कापायचे. हे आपोआप व्हायचं, जसं आपण चहात साखर घालताना चमचे मोजत नाही तसं. कुणी हरकत घेतली की, "बिल्कुल नाही यार, इतक्या वर्षांचा अनुभव आहे!" असं म्हणून विषय संपवायचे. त्यांच्या या मिळवण्या-कापण्याचा मला पुढे चांगलाच प्रसाद मिळाला, पण ते नंतर.

काका मूळचे सोलापूरकडचे. गावात उंच काय, तर पाण्याची टाकी. नोकरी केली ती दिल्लीत, म्हणजे आणखी एक सपाट परात. मी एकदा विचारलंसुद्धा, "काका, तुम्हाला कसं काय डोंगराच्या सायकलींचं वेड लागलं?" तर म्हणाले, "सपाटीवरच्या माणसालाच डोंगराची हौस असते. डोंगरातला माणूस बसची वाट बघत असतो."

रविवारी सकाळी ते नवी काही दुरुस्ती केलेली सायकल घेऊन थेट हिंदूराव हॉस्पिटलच्या चढावर जायचे. रिजवरचा, म्हणजे दिल्लीतल्या त्या एकुलत्या टेकाडावरचा तो चढ त्यांना फार प्रिय. "अख्ख्या दिल्लीत चढ म्हणावा असा चढ, आणि नाव बघ कुणाचं! आपल्या मराठी माणसाचं!" असं म्हणताना त्यांची छाती अशी फुगायची की तो चढ जणू यांच्याच आजोबांनी बांधला. या नव्या सायकलींची सीट बटण दाबलं की खाली बसते, उतारावर मध्ये यायला नको म्हणून. काका ती खाली घ्यायचे आणि चढताना वर करायला साफ विसरायचे. गुडघे कानाला लागताहेत, हेल्मेटखाली माकडटोपी, तोंडाने स्वतःला शिव्या, असे ते चढायचे आणि हॉस्पिटलकडे निघालेले ऑटोवाले ओरडायचे, "अंकल, सीट तो ऊपर कर लो!"

त्यांचा हॉल म्हणजे वर्कशॉपच. सोफ्यावर फ्रेम, टीव्हीखाली टायर, देव्हाऱ्याच्या शेजारी सस्पेंशनच्या तेलाची बाटली. काकूंनी त्यावर मोठ्या अक्षरात 'हे देवाचं तेल नाही' असं लिहून ठेवलं होतं. पाहुण्यांना त्या सांगायच्या, "आम्हाला दोन मुलं. एक बंगलोरला असतो, दुसरा हा हॉलमध्ये आडवा पडलाय." आणि तरी काका काम करत बसले की त्याच येऊन पान्हा हातात द्यायच्या. कुठला पान्हा ते त्यांना न सांगता कळायचं.

मला एन्ड्युरो आणि डाउनहिल या सायकलींच्या दोन जातींतला फरक काकांनी समजावला तो असा. "डाउनहिल सायकल म्हणजे जावई. तिला गाडीत घालून मानाने वर न्यायचं, मग ती फक्त उतरणार. पण उतरेल काय थाटात! आणि एन्ड्युरो म्हणजे सून. स्वतः चढायचं, स्वतः उतरायचं, आणि वर जरा हळू चढली की बोलणी खायची." स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "म्हणून तर तुमची सून बंगलोर सोडत नाही." काका खो खो हसले आणि पुढचा अर्धा तास मला दाखवत बसले की जावयाचा पुढचा चिमटा, म्हणजे चाक धरणारा फोर्क, कसा लांब आणि दुहेरी पट्टीचा असतो, मागच्या शॉकमध्ये हवेऐवजी जाड पोलादी स्प्रिंग कशी असते, टायर कसे जाडजूड असतात.

त्यांचं स्वप्न होतं एकच सायकल, जी सूनही होईल आणि जावईही. जगात नवीन येणाऱ्या फ्रेमचे फोटो ते फोनवर इतके मोठे करून बघायचे की शेवटी नुसता एक बोल्ट दिसायचा. कुठल्याशा फ्रेमच्या सांध्यात एक छोटी चकती असते, ती उलटी करून बसवली की पुढचं चाक पुढे सरकतं, सायकल खाली बसते. अशी एखादी युक्ती सापडली की काका जिन्यातूनच हाक मारायचे, "अगं ये, लवकर ये! काय डोकं लावलंय बघ लेकानं!" मग आपल्या फ्रेमसाठी तसाच सांधा कागदावर काढायचे, दिल्लीबाहेर मानेसरच्या एका वर्कशॉपमधून कापून आणायचे आणि शेअर ऑटोत तो रुमालात गुंडाळून मांडीवर धरून यायचे. शेजारी बसलेला कामगार विचारायचा, "मिठाई है क्या, साहब?"

दिल्लीत वाढलेल्या मला डोंगराबद्दल मराठीत 'डोंगर' एवढा एकच शब्द येत होता, आणि तोही अधूनमधून पहाड व्हायचा. घळ, कडा, घसारा, खडक कुठला आणि मुरूम कुठला, हे सगळं मला काकांनी अरवलीत शिकवलं. मानेसरच्या मागच्या टेकड्यांत आम्ही शनिवारी जायचो. ते स्वतः पडत-झडत यायचे आणि मला मात्र मागून सूचना, "घसारा आहे, ब्रेक सोड! सोड म्हणतो ना!" मी ब्रेक सोडायचे. आणि दुसऱ्याच क्षणी असं काही मोकळं वाटायचं की सांगता सोय नाही.

त्यांचा एक नियम फार कडक होता. सायकल एन्ड्युरोची डाउनहिल करायची असेल तर जो चालवणार त्यानं आधी ती परत एन्ड्युरो करून दाखवायची. चिमटा, शॉक, सांधा, सगळं स्वतःच्या हातानं काढायचं, लावायचं. "परत येता आलं पाहिजे. मग खुशाल जा कुठेही." किती जण या अटीला कंटाळून पळाले. मी टिकले, कारण मला उतरायचं होतं.

माझं ग्रॅज्युएशन झालं त्या वर्षी हिमाचलात डाउनहिलची एक रेस होती आणि तिच्यात मुलींचा वेगळा गट ठेवला होता. मी घरी विषय काढला. आईनं डोळ्याला पदर लावला. बाबांच्या मनात माझं सगळं ठरलेलं होतं, पुढच्या महिन्यापासून स्पर्धा परीक्षेचा क्लास, मग मुलाखत, मग लाल दिव्याची गाडी, दिवा निघून गेला असला तरी. शेवटी काकांनी मध्यस्थी केली. "हमी माझी. हिच्या केसाला धक्का लागणार नाही."

बाबा म्हणाले, "एकदाच. आणि हाडाला काही झालं तर ती सायकल पुन्हा या घरात दिसणार नाही. चालेल?"

मी "चालेल" म्हटलं, पण रात्रभर मला 'एकदाच' या शब्दानं झोप लागू दिली नाही.

काकांनी मला वजन विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चिमटा बदलला, सांधा बदलला आणि मागच्या शॉकसाठी स्प्रिंग मागवली. ही स्प्रिंग वजनाप्रमाणे घ्यावी लागते. हवेच्या शॉकसारखं तिच्यात पंपानं कमी-जास्त करता येत नाही. ती यायला उशीर झाला आणि आम्ही निघायच्या दिवशीच हातात पडली, त्यामुळे बसवली ती हिमाचलात, हॉटेलच्या अंगणात. मी सायकलवर बसले.

"काका, कडक वाटतेय."

"डाउनहिल कडकच वाटते गं. तुला सुनेची सवय."

दबली किती ते त्यांनी मोजलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "शॉकचे सील नवीन आहेत. दोन फेऱ्या मारल्यास की बसेल." थोडं चालवून मी पुन्हा म्हटलं, "खरंच कडक आहे." तर त्यांनी मला हातानंच गप्प केलं. "अच्छा, अच्छा. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सराव होता. पिकअपमध्ये सायकली आणि आम्ही असे वर गेलो. देवदारांतून खाली उतरणारी वाट, मुळंच मुळं, आणि मध्ये एक ओंडका, ज्यावरून उडी घेऊन खाली पडायचं. मी ओंडक्यापर्यंत बरी आले. तिथे मागचं चाक दबलंच नाही. त्यानं मला अशी काही लाथ मारली की मी हँडलवरून पुढे गेले आणि हनुवटीवर आपटले.

काका चप्पल घालून आले होते. त्या उतारावरून घसरत, झाडांना धरत, माझं नाव घेत ते खाली आले. मी उठून बसले होते. रेसच्या डॉक्टरांनी हातपाय वाकवून बघितले, हनुवटीला पट्टी लावली आणि हाड शाबूत आहे म्हणाले. तोपर्यंत काकांची नजर शॉककडे गेली. त्याच्या दांड्यावर एक रबर असतं, शॉक किती दबला ते त्यावरून कळतं. ते अर्ध्यावरच होतं. एवढ्या मोठ्या उडीला अर्ध्यावर!

"तू मला वजन खरं सांगितलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! मी तुम्हाला कशाला खोटं सांगू?"

"मी त्यात सहा किलो मिळवले," ते म्हणाले. "आणि मधलं माप मिळेना म्हणून त्याच्याही वरची स्प्रिंग घेतली." एवढं बोलून ते एका दगडावर बसले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

"घरी सांगू नका काका, प्लीज," मी म्हटलं. "बाबा लगेच परत बोलावतील. मग संपलंच सगळं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खिशातून फोन काढला. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"ऐक," ते बाबांना म्हणाले. "पोरगी पडली. हाडं ठीक आहेत, हनुवटी फुटलीये. चूक तिची नाही, माझी आहे. तिनं वजन खरं सांगितलं आणि मी विश्वास ठेवला नाही. कडक वाटतंय म्हणून दोनदा सांगितलं, तरी ऐकलं नाही. हमी मी दिली होती, आणि पाडलंही मीच."

मला वाटलं, संपलं.

"हे लेखी देशील?" बाबांनी विचारलं.

"आत्ता देतो."

"नको. तिला दे फोन." मी फोन घेतला. "उतरायचंय अजून?"

"हो."

"भीती वाटत नाही?"

"खूप वाटतेय."

मग बाबांचा खास ऑफिसातला आवाज आला. "अट हाडाची होती. हनुवटीबद्दल काही ठरलेलं नव्हतं. एकदा म्हणालो होतो, ते एकदा अजून व्हायचंय. जपून उतर." पाठीमागे आई काहीतरी बोलत होती, ते बाबांनी मला ऐकू दिलं नाही.

दुसरी स्प्रिंग त्या डोंगरात कुठून मिळणार? दुपारी अंगणात काकांनी ती काढली आणि बरोबर आणलेला माझा जुना, एन्ड्युरोचा हवेचा शॉक मागे लावला. पुढून डाउनहिल, मागून एन्ड्युरो. अशा अर्धवट सायकलींना ते आजवर नावं ठेवत आले होते. मी म्हटलं, "काका, हा तर घरजावई झाला." तेव्हा कुठे त्या दिवसभरात ते पहिल्यांदा हसले. हसता हसता डोळे पुसले आणि पंप माझ्या हातात दिला.

"किती भरू?" मी विचारलं.

"तू सांग."

"अहो, आकडा तरी सांगा."

"आकडा मी लावला होता, त्याचं काय झालं बघितलंस ना? बस, उड्या मार, तुला काय हवंय ते बघ. मी नाही बोलणार." आणि माझ्याकडे पाठ करून ते दरीकडे बघत उभे राहिले. मी हवा भरली, बसले, काढली, पुन्हा भरली. अंगणाच्या पायऱ्यांवरून उतरून बघितलं. मनासारखं जमलं तेव्हा म्हटलं, "झालं." ते वळले. पंपाच्या काट्यावर त्यांनी नजरसुद्धा टाकली नाही. पेचकस शोधायला निघून गेले. मला सांगता येत नाही मला काय वाटलं ते. एवढी मोठी आपण कधी झालो, असं वाटलं.

रेसच्या दिवशी मी उतरले. ओंडका आला तेव्हा मी ब्रेक सोडला. मागचं चाक दबलं, अगदी जेवढं हवं होतं तेवढं, आणि मी पलीकडे होते. त्यानंतरची वाट मला आठवत नाही, फक्त कुणीतरी मोठमोठ्यानं ओरडत होतं हे आठवतं, आणि ती मीच होते हे खाली आल्यावर कळलं. नंबर वगैरे काही आला नाही. माझ्यापुढे डोंगरातल्या मुली होत्या, त्या वाऱ्यासारख्या गेल्या.

खाली काका उभे होते. माझ्या हेल्मेटवर त्यांनी थापट मारली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बाबा होते. स्पीकर न लावताही ऐकू येत होतं, "काय रे, कशी उतरली?"

या माणसाला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर तयार असायचं. तुमचं वजनसुद्धा तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत! पण त्या दिवशी ते म्हणाले, "मला काय विचारतोस? उतरली ती. तिला विचार." आणि फोन माझ्या हातात ठेवला.

रेस संपली होती, पण पिकअप अजून एक फेरी वर मारणार होता. ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही 'एकदाच' म्हणाला होतात, माहितीये. पण मला परत वर जायचंय."

बाबा काय म्हणतात ते ऐकायला मी कान देऊन उभी होते, आणि समोर बघते तर काका माझी सायकल खांद्यावर घेऊन पिकअपच्या रांगेत धक्काबुक्की करत होते.